दोन प्रतींचा ताळमेळ

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कीर्तनकार होते. आख्यानांची टिपणे, ऐकलेल्या पदांच्या नोंदी, कोणत्या गावी किती श्रोते होते आणि बिदागी काय मिळाली, असे सगळे त्यांनी ४१ वह्यांत लिहून ठेवले होते. मी २०१८ मध्ये मराठीच्या अध्यापनातून निवृत्त झाले आणि त्या वह्या चिपळूणच्या आजोळाहून पुण्याला आणल्या. पुढचे दीड वर्ष रोज थोडी थोडी पाने स्कॅन केली. पुसट शाई टिकावी म्हणून प्रत्येक पान मोठ्या मापात, रंगीत आणि कोणतेही संकुचन न करता टिफ स्वरूपात ठेवले. एका पानाची फाइल सुमारे १०० एमबीची झाली. चार हजारांहून अधिक पानांचा संग्रह ४०० जीबीच्या घरात गेला.

२०२० च्या जानेवारीत वह्या चिपळूणला परत गेल्या. त्यांच्याबरोबर एका लहानशा डिस्कवर सर्व स्कॅनची एक प्रत मी धाकट्या मावसभावाला दिली. तिचा पुढे कधी उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. वह्या तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर हाती आला तो लगदा. शाई धुऊन गेली होती. मावसभावाचा संगणक माडीवर असल्याने वाचला. त्या दिवसापासून आजोबांच्या वह्या जगात दोनच ठिकाणी उरल्या: माझ्या पुण्यातल्या संगणकात आणि त्याच्या चिपळूणच्या संगणकात.

मधल्या काळात या दोन प्रती एकमेकींपासून थोड्या थोड्या दूर गेल्या होत्या. त्याने काही उलटी स्कॅन झालेली पाने सरळ केली, काहींची नावे बदलली, पुरानंतर माळ्यावर सापडलेली पत्रे स्कॅन करून त्यात घातली. मीही माझ्याकडे राहिलेले सुटे कागद माझ्या प्रतीत जोडले. गेल्या वर्षी आम्ही ठरवले, की दोन्ही संगणक आंतरजालाने जोडून द्यायचे. म्हणजे एकाने केलेली भर दुसऱ्याकडे आपोआप पोचेल. संगणकाच्या भाषेत याला ‘सिंक’ करणे म्हणतात. मला त्यासाठी मराठीत ‘ताळमेळ’ हा जमाखर्चातला शब्द अधिक जवळचा वाटतो. हा लेख त्या ताळमेळाबद्दल आहे. काम तांत्रिक असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते मी वर्गात तीस वर्षे शिकवत असलेल्या पाठचिकित्सेचे निघाले.

सारखे म्हणजे काय?

पहिल्या दिवशी आम्ही थेट जोडणी केली नाही, हे आमचे नशीब. अशा कामाच्या चांगल्या साधनांत रंगीत तालमीची सोय असते. प्रत्यक्ष काहीही न हलवता, काय काय हलवले जाईल याची यादी ते आधी दाखवतात. आमच्या तालमीत उत्तर आले: सर्वच्या सर्व फायली पाठवाव्या लागतील. मावसभावाकडे त्या आधीपासून होत्या, तरीही.

माझ्या जोडणीचा बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे. या वेगाने ४०० जीबी पाठवायला सुमारे ८९ तास लागतात, म्हणजे पावणेचार दिवस. चिपळूणला पावसाळ्यात वीज आणि जोडणी इतका वेळ सलग राहील याची खात्री कोण देणार? आणि हे सगळे कशासाठी, तर जे तिथे आहे तेच पुन्हा तिथे पोचवण्यासाठी. मक्षिकास्थाने मक्षिका ठेवणारा लेखनिकसुद्धा तीच पोथी त्याच माणसासाठी दुसऱ्यांदा उतरवत नाही.

यंत्राला असे का वाटले? ४०० जीबी प्रत्येक वेळी पूर्ण वाचणे महागाचे असल्याने बहुतेक साधने आधी एक सोपी परीक्षा घेतात. नाव तेच आहे का, आकार तोच आहे का, आणि शेवटचा बदल झाल्याची तारीख-वेळ तीच आहे का? तिन्ही जुळले, तर फाइल तीच समजायची आणि पुढे जायचे. रोजच्या वापरात ही परीक्षा पुरेशी असते. पण प्रत हाताने डिस्कवर टाकून नेली की तिथेच गफलत होते. काही साधने नक्कल करताना मूळ तारीख जपतात. काही नक्कल केल्याची तारीख टाकतात. पेनड्राइव्हवर अजूनही दिसणाऱ्या जुन्या फॅट पद्धतीत वेळ दोन सेकंदांच्या पायरीने नोंदली जाते, त्यामुळे तारीख जपली गेली तरी एखाद्या सेकंदाचा फरक पडतो. माणसाच्या दृष्टीने हा फरक काहीच नाही. यंत्राच्या दृष्टीने ही दुसरी फाइल आहे.

यावर एक सोपी पळवाट असते. तारखेकडे दुर्लक्ष कर, फक्त नाव आणि आकार बघ, असे साधनाला सांगता येते. मीही तेच करणार होते. मग लक्षात आले, की संकुचन न केलेल्या टिफ फाइलचा आकार पानाच्या मापावर ठरतो, पानावर काय लिहिले आहे त्यावर ठरत नाही. एकाच मापाच्या दोन पूर्ण वेगळ्या पानांचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत सारखा असू शकतो. मावसभावाने सरळ केलेले पान आणि माझ्याकडचे उलटे पान यांचाही आकार तोच. आकार जुळला म्हणून मजकूर जुळला असे मानणे, म्हणजे दोन पोथ्यांची पानसंख्या सारखी आहे म्हणून पाठभेद नाहीत असे म्हणणे.

मजकुराचा ठसा

मजकूर तोच आहे हे ४०० जीबी न हलवता सिद्ध करण्याची एक रीत आहे. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून एक छोटी, ठरावीक लांबीची संख्या काढायची. तिला हॅश म्हणतात. आपण ठसा म्हणू. आज सर्रास वापरली जाणारी एसएचए-२५६ ही पद्धत कोणत्याही फाइलचा २५६ बिटांचा ठसा देते. लिहून काढला तर तो ६४ अक्षर-अंकांचा होतो. फाइल एका ओळीची असो की १०० एमबीची, ठसा तेवढाच. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. ठशावरून फाइल परत तयार करता येत नाही. शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या फायलींचा ठसा योगायोगाने एकच येईल ही भीती व्यवहारात धरावी लागत नाही.

ठसा काढायला फाइल पूर्ण वाचावी लागते, पण ती आपल्याच संगणकाने, आपल्याच डिस्कवरून. साधी डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असे धरले, तर ४०० जीबीला सव्वा तासही लागत नाही. मावसभावाने त्याच्याकडे ठसे काढले, मी माझ्याकडे. दर ओळीत एक ठसा आणि पुढे फाइलचे नाव. चार हजार ओळींची ती यादी अर्ध्या एमबीच्या आसपास भरली. ती त्याने मला साध्या ईमेलने पाठवली. मूळ संग्रहाच्या सुमारे आठ लाखाव्या हिश्श्याएवढ्या कागदावर आमच्या दोन्ही प्रतींची पूर्ण तुलना करता आली.

ही यादी समोर ठेवून बसले तेव्हा मला पुण्यातल्याच एका जुन्या कामाची आठवण झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. त्यांच्या निधनानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये काम पुरे झाले. देशभर विखुरलेल्या शेकडो पोथ्या तपासायच्या होत्या. प्रत्येक पोथीची पूर्ण नक्कल करून पुण्याला आणायची म्हटले असते, तर काम कधीच संपले नसते. त्याऐवजी तुलनेसाठी चौकटी आखलेले कागद वापरले गेले. वरच्या ओळीत आधारभूत श्लोक एकेका चौकटीत एकेक अक्षर असा लिहायचा; खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि त्या ओळीत जिथे फरक असेल तिथलेच अक्षर भरायचे. शांतिनिकेतनला आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही तुलनेची केंद्रे होती. पोथ्यांचे गठ्ठे हलवण्याऐवजी पोथ्यांमधला फरक हलवायचा, ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे.

सरकलेल्या मजकुराचे कोडे

संगणकाच्या जगात ही कल्पना नेटकेपणाने मांडली ती ऑस्ट्रेलियात. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक हा प्रोग्राम जाहीर केला. ट्रिजेल यांनी १९९९ च्या आपल्या प्रबंधात त्यामागची रीत सविस्तर दिली. आंतरजालाचा वेग तेव्हा आजच्या तुलनेत फारच कमी होता, त्यामुळे प्रश्न निकडीचा होता: फाइलची जुनी आवृत्ती तिकडे आहे, नवी इकडे आहे, दोन्ही एकाच ठिकाणी नसताना त्यांतला फरक कसा काढायचा?

पहिला विचार असा, की जुन्या फाइलचे समान तुकडे करायचे, प्रत्येकाचा ठसा काढायचा, आणि नव्या फाइलचेही तसेच तुकडे करून ठसे जुळवायचे. यात अडचण काय येते ते मुद्रितशोधन केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पहिल्या पानावर एक ओळ वाढली, की पुढच्या प्रत्येक पानावरचा मजकूर सरकतो. शब्द तेच राहिले, तरी एकही पान आधीच्यासारखे राहत नाही. तसेच फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घातले, की पुढचे सगळे तुकडे एकेका घराने सरकतात आणि एकाही तुकड्याचा ठसा जुळत नाही.

ट्रिजेल यांचे उत्तर असे. जुनी फाइल ज्याच्याकडे आहे, त्याने तिचे तुकडे करून प्रत्येकाचे दोन ठसे पाठवायचे: एक हलका, झटपट निघणारा, दुसरा भक्कम, पण काढायला वेळ घेणारा. नवी फाइल ज्याच्याकडे आहे, त्याने तुकड्याएवढी एक खिडकी घेऊन ती फाइलवरून एकेका बाइटने पुढे सरकवायची. खिडकी प्रत्येक ठिकाणी थांबवून हलका ठसा काढायचा, आणि तो यादीतल्या कशाशी जुळतो का बघायचे. जुळला, तरच भक्कम ठसा काढून खात्री करायची.

दर पावलाला नव्याने ठसा काढणे महाग पडेल असे वाटते. तिथेच खरी युक्ती आहे. समजा फाइलमध्ये ५, ३, ८, २, ७ अशा संख्या आहेत आणि खिडकी चार घरांची आहे. पहिल्या चारांची बेरीज १८. खिडकी एक घर पुढे सरकली, की पुन्हा चार संख्या मिळवायच्या नाहीत. मागे पडलेले ५ वजा करायचे आणि नवे आलेले ७ मिळवायचे. उत्तर २०. नुसत्या बेरजेला संख्यांचा क्रम कळत नाही, म्हणून तिच्या जोडीला प्रत्येक संख्येचे स्थान लक्षात घेणारी दुसरी बेरीज ठेवतात. तीही अशीच एका वजाबाकी-बेरजेने पुढे नेता येते. अशा रीतीने सरकलेला तुकडा जिथे असेल तिथे सापडतो. मग पलीकडे एवढेच कळवायचे: तुझा पहिला तुकडा घे, मग ही नवी अक्षरे घाल, मग तुझा दुसरा तुकडा घे. नवा मजकूर जेवढा, तेवढाच तारेवरून जातो.

आमच्या स्कॅन-पानांना या युक्तीचा फार उपयोग नाही. ती एकदा झाली की सहसा बदलत नाहीत. पण वह्यांच्या लिप्यंतराची जी एकच मोठी फाइल मावसभाऊ रोज वाढवतो, तिच्यासाठी ती रोज कामी येते.

दुसरी आणि तिसरी वही

दोन्ही याद्या शेजारी ठेवून मी फायलींचे चार ढीग केले. नावही तेच आणि ठसाही तोच, अशा ३,८२९ फायली निघाल्या. ठसा तोच पण नाव वेगळे, अशा २२८. नाव तेच पण ठसा वेगळा, अशा १९. आणि एकाच बाजूला असलेल्या, माझ्याकडे ३६ आणि त्याच्याकडे ५८. म्हणजे खरोखर हलवायच्या फायली जास्तीत जास्त ११३. ८९ तासांचे काम अडीच तासांवर आले.

दुसऱ्या ढिगाने मला दोन दिवस छळले. त्यातल्या ४१ फायलींची नावे मावसभावाने मुद्दाम बदलली होती. ते समजण्यासारखे होते. उरलेल्या १८७ फायलींची नावे मात्र दोन्हीकडे डोळ्यांना अगदी एकसारखी दिसत होती, आणि त्या सगळ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीतल्या होत्या. पहिली वही ठीक, चौथी ठीक, पुढच्या सगळ्या ठीक. याच दोन का?

उत्तर आपल्या लिपीतच होते. मी फायलींना ‘पहिल्या वहीतील पान’, ‘दुसऱ्या वहीतील पान’ अशी नावे दिली होती. ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ यांत ऱ आहे. युनिकोडमध्ये हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. युनिकोडच्या नियमांनुसार दोन्ही समान आहेत आणि पडद्यावर एकच दिसतात, पण साठवलेले बाइट वेगळे असतात. मॅक संगणकांवर १९९८ पासून वापरात आलेली एचएफएस प्लस ही साठवणपद्धत नावांतली अशी अक्षरे फोडून, दोन चिन्हांच्या रूपात ठेवते. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस दिलेले रूप तसेच ठेवते. लिनक्समध्ये नाव जसे दिले तसेच राहते. मावसभावाचा संगणक जुना मॅक, माझा लिनक्स. त्यामुळे एकच ‘दुसऱ्या’ आमच्याकडे दोन शब्द झाला होता. काही साधनांना हे रूपांतर ठाऊक असते. आरसिंकला ते सांगावे लागते, न सांगितल्यास ते नवीच फाइल समजते.

मराठी नावांत असे आणखी खड्डे आहेत. ‘ऱ्या’मधला अर्धा र काही कळफलक ऱ या चिन्हाने लिहितात, तर काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या फायलींत ते अ आणि चंद्र जोडून लिहिलेले सापडते. ही रूपे युनिकोडही समान मानत नाही, त्यामुळे तिथे यंत्राकडून मदतीची आशा नाही. ज्यांना संग्रह टिकवायचा आहे त्यांनी फाइलच्या नावात रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडेच वापरावेत, आणि मराठी शीर्षके वेगळ्या सूचीत लिहावीत, हे मी अनिच्छेनेच सांगते. आम्ही तेच केले.

जोडले की वगळले?

चौथ्या ढिगाने निराळाच प्रश्न उभा केला. एक पान माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. याचा अर्थ काय? मी ते नंतर जोडले, की त्याने ते जाणूनबुजून काढले? दोन प्रती कितीही बारकाईने पाहिल्या, तरी हे त्यांवरून ठरत नाही. त्यासाठी तिसरी गोष्ट लागते: या दोन प्रती शेवटच्या एकमेकींशी जुळल्या होत्या तेव्हाची नोंद. हिशेबाच्या वहीत मागची शिल्लक असते तशी. ती शिल्लक कळली, की त्यानंतर कोणी काय जमा केले आणि कोणी काय खर्ची घातले ते काढता येते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने घडलेले युनिसन हे साधन दोन्ही बाजूंना अशी नोंद ठेवते. २०१३ मध्ये आलेले सिंकथिंगही प्रत्येक फाइलच्या बदलांचा इतिहास राखते. पण पहिल्या जोडणीच्या वेळी कोणत्याच साधनापाशी मागची शिल्लक नसते. म्हणून पहिल्या दिवशी एकच नियम पाळावा: काहीही पुसायचे नाही. दोन्हीकडचे सगळे एकत्र करायचे आणि निवड नंतर माणसाने करायची. ‘तिकडे नसलेले इकडून काढून टाक’ असा पर्याय बहुतेक साधनांत असतो. पहिल्या दिवशी तो लावला आणि दिशा चुकली, तर रिकामी बाजू भरलेल्या बाजूला आपल्यासारखी करून टाकते. बाहेरची डिस्क जोडायची राहिली की तिचे फोल्डर रिकामे दिसते. यंत्राला ते ‘सगळे पुसले’ असे वाटू शकते. सिंकथिंग या धोक्यासाठी फोल्डरमध्ये एक छोटी खूण ठेवते, आणि ती दिसली नाही तर काम थांबवते.

माझ्याकडच्या ३६ पानांबद्दल आम्ही फोनवर बसून निकाल लावला. २९ मी नंतर जोडलेले सुटे कागद होते. सात त्याने दुबार म्हणून काढले होते. त्यातली पाच खरोखर दुबार निघाली, दोन नव्हती.

एकोणीस पाने

उरला तिसरा ढीग. नाव तेच, आकार तोच, ठसा वेगळा. मावसभाऊ म्हणाला, “ताई, स्कॅन तू केलंस ना? मग तुझीच प्रत मूळ धर आणि माझ्यावर ओतून टाक.” युक्तिवाद बिनतोड होता. त्याची प्रत माझ्या प्रतीवरूनच झाली होती. शिष्यप्रतीपेक्षा मातृकेला मान द्यायचा, हे तर मीच शिकवत आले.

तरीही १९ म्हणजे काही फार नव्हती. त्याने त्याच्याकडची पाने पाठवली आणि मी दोन्ही प्रती उघडून पाहिल्या. अठरा पाने त्याने सरळ केलेली होती. एकोणिसावे सतराव्या वहीतले होते. त्याच्या प्रतीत पान पूर्ण होते: दामाजीपंतांच्या आख्यानाचे टिपण, समासात पदाच्या चालीची खूण. माझ्या प्रतीत वरचे अर्धे पान नीट, आणि खाली करड्या रंगाचा सपाट पट्टा. स्कॅन करताना ते पान मी तपासले होते; तेव्हा ते पूर्ण होते, म्हणूनच त्याच्याकडे पूर्ण गेले. त्यानंतर केव्हातरी माझ्या डिस्कवरच्या त्या जागेने मान टाकली होती. असा बिघाड कोणाला विचारून होत नाही आणि फाइलची तारीखही बदलत नाही. आकार बदलण्याचे तर कारणच नाही.

फक्त आकार बघण्याची पळवाट घेतली असती, तर दोन्ही पाने सारखी ठरून तो बिघाड तसाच लपून राहिला असता. माझी प्रत मूळ धरून ओतली असती, तर चिपळूणचे पूर्ण पान पुसून तिथेही करडा पट्टा गेला असता. मूळ वही पुरात गेलेली. त्या पानाची जगातली शेवटची पूर्ण प्रत आम्हीच, अत्यंत शिस्तीने, नष्ट केली असती.

ठशाने आम्हाला एवढेच सांगितले, की ही दोन पाने सारखी नाहीत. यातले खरे कोणते, हे तो सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. महाभारताच्या संपादकांनाही किती पोथ्यांत एखादा पाठ आहे याची नुसती मोजदाद करून भागले नाही. पाठ कुठून आला, कोणती पोथी कोणावरून उतरली आणि कोण कोणापासून स्वतंत्र आहे, हे पाहावे लागले. यंत्र भेद दाखवते. निवड ज्याला मजकूर वाचता येतो त्यालाच करावी लागते.

शेवटी क्रम असा राहिला. आधी दोन्ही संग्रहांची एकेक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून बाजूला ठेवली. ठशांच्या याद्या जुळवल्या, चार ढीग लावले, नावे एकसारखी केली, एकोणीस पानांचा निकाल लावला. मग दोन्हीकडे सिंकथिंग बसवले, संग्रहाचे फोल्डर दोन्हीकडे एकाच ओळखक्रमांकाने जोडले, आणि दोन्ही संगणकांनी आपापला संग्रह वाचून ठसे काढेपर्यंत थांबलो. ज्यांचे ठसे जुळले, त्यांचा मजकूर पुन्हा पाठवला गेला नाही. आता एकाच फाइलमध्ये दोघांनी एकाच वेळी बदल केला, तर ज्या बदलाची तारीख जुनी आहे ती प्रत वेगळ्या नावाने बाजूला राहते. पुसली जात नाही.

वेगळी काढलेली डिस्क मात्र आम्ही या जोडणीला लावत नाही. ताळमेळ म्हणजे संरक्षण नव्हे. माझ्या हातून चुकून पुसलेले पान ज्या वेगाने चिपळूणहून नाहीसे होईल, त्याच वेगाने दुरुस्त केलेले पान तिथे पोचते. यंत्राला दोन्ही बदलच. ती डिस्क आम्ही वर्षातून एकदा, दिवाळीला मावसभाऊ पुण्याला येतो तेव्हा बाहेर काढतो. फराळ झाल्यावर नव्याने ठसे काढतो आणि मागच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहतो. यंदा एकही फरक निघाला नाही. तरी सतराव्या वहीतले ते पान आम्ही दोघांनी उघडून पाहिले.